'देव तुम्हाला घडवतोय' हे ऐकून थकलेल्या भगिनीस

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निफाडजवळ राहता. सव्वा वर्षापूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत. पाठोपाठ यजमानांची कारखान्यातली नोकरी गेली, सध्या मिळेल ते काम करतात. मुलगा दहावीला आहे. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसे भेटली की म्हणतात, "देव तुम्हाला घडवतोय, संकटातूनच विश्वास वाढतो." आणि तुम्ही लिहिता, "माझा विश्वास वाढत नाही, कमी होतोय. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो, नाहीतर राग येतो. पहाटे चारला उठून शास्त्र वाचायचा नेम केला, तो आठवडाभरात मोडला. माझ्यातच काही खोट आहे का? की संकटाने माणूस वाढतो हेच खरे नाही?"

तुमच्या या लिहिण्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक, हे संकट देवाने मला शिकवण्यासाठी पाठवले आहे का? दुसरा, ते आलेच आहे, तर त्यातून मी वाढणार की विझणार, आणि त्यात माझ्या हाती काय आहे? लोक पहिल्याचे उत्तर घाईघाईने देऊन टाकतात आणि दुसऱ्याकडे कोणी वळतच नाही. पाळक म्हणून माझे आयुष्य घरभेटींत, दवाखान्यांच्या वऱ्हांड्यांत आणि कबरस्तानात गेले आहे. तिथे लोकांच्या उपयोगी पडलेले बोलणे बहुतेक दुसऱ्या प्रश्नावरचेच होते. तरी पहिला टाळून चालणार नाही.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा लोकांच्या मनात हाच विचार होता. प्रभू येशूने विचारले, ती माणसे यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असे तुम्हाला वाटते का? आणि उत्तरही त्यानेच दिले: नाही. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? तिथेही उत्तर तेच, ना याचे ना त्यांचे. सगळे काही गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढा वेळ ते खरोखर मित्रासारखे वागले. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाची कारणे सांगायला लागले. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्यांच्यावर पेटला, ईयोबावर नाही. ज्याने देवाला भांडून जाब विचारला तो माझ्याविषयी यथार्थ बोलला, असे देव म्हणतो. तुमच्या रागाबद्दल तुम्हाला अपराधी वाटत असेल तर हा अध्याय, ईयोब 42, पुन्हा वाचा.

मग इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायाचे काय, असे कोणीतरी विचारेलच. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, बाप मुलाला लावतो तसे वळण लावतो, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. ते मी नाकारत नाही, त्या अध्यायावर मी जगलो आहे. पण ते पत्र कोणाला लिहिले आहे हे पाहिले पाहिजे. विश्वासामुळे त्या लोकांची मालमत्ता लुटली गेली होती, त्यांच्यातले काही तुरुंगात होते, आणि देवाने आपल्याला टाकले की काय या विचाराने ते डगमगत होते. लेखक त्यांना सांगतो, हे सोसणे तुम्ही टाकलेली मुले असल्याची खूण नव्हे, देव तुम्हाला मुलांसारखेच वागवत आहे. म्हणजे सोसणाऱ्याने उराशी धरावा असा हा दिलासा आहे. बाहेरच्या माणसाने दुसऱ्याच्या घरात शिरून "हे संकट अमुक शिकवण्यासाठी आले" असे सांगावे, याची मुभा त्यातून मिळत नाही. आणि हा उतारा अकराव्या वचनाशी संपत नाही. बाराव्यात लगेच म्हटले आहे, गळालेले हात आणि लटपटणारे गुडघे सावरा. तेराव्यात, वाटा सरळ करा, म्हणजे लंगडणाऱ्याचा पाय उखळणार नाही, तो बरा होईल. वळण लावणे हे देवाचे काम आणि वाट सपाट करणे हे मंडळीचे, अशी ती वाटणी आहे. तुमच्या मंडळीने पहिला अर्धा भाग तुम्हाला ऐकवला आहे. दुसरा अर्धा तिने अजून करायचा आहे.

इथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणून ती वेगळी काढतो. सगळी संकटे एका जातीची नसतात. काही आपल्याच चुकीतून येतात, जसे ऐपत नसताना थाटात केलेल्या लग्नाचे कर्ज. तिथे पश्चात्ताप करायचा आणि हिशेब ठेवायला शिकायचे. काही नुसती कोसळतात, जसा तुमच्या सासूबाईंचा आजार. आणि काही दुसरा माणूस आपल्यावर लादतो: मारहाण, छळ, बुडवलेला पगार. या शेवटच्या प्रकाराला "देवाची शिस्त" म्हणून सोसायला सांगणे हे पाप आहे, असे मी स्पष्ट म्हणतो. जे थांबवता येते ते थांबवायचे असते. तुमच्या लिहिण्यात तसे काही दिसत नाही, पण वाचणाऱ्या एखादीच्या घरात असेल तर तिने आधी सुरक्षित जागी जावे. महिलांसाठीचा 181 हा क्रमांक त्यासाठीच आहे. आत्मिक वाढीचा विचार त्यानंतर.

संकटातून देव माणूस कसा घडवतो याचे उदाहरण द्यायचे झाले की आपल्याकडे पंडिता रमाबाईंचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. 1870 च्या दशकात दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघे पायी देशभर भटकले. 1880 साली भाऊ गेला, 1882 साली पती बिपिन बिहारी मेधावी गेले, आणि पदरात लहानगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावची मुक्ती ही संस्था उभी राहिली. पोटात अन्न नसलेली मुलगी कशी दिसते, ती अनोळखी माणसाला का घाबरते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

यावरून "रमाबाईंना तयार करण्यासाठी देवाने दुष्काळ पाठवला" असे व्यासपीठावरून सांगितलेले मी ऐकले आहे. मला ते पटत नाही. त्या दुष्काळांत लाखो माणसे मेली. रस्त्याच्या कडेला मेलेली कोणाची तरी दहा वर्षांची मुलगी देवाला रमाबाईंइतकीच लाडकी होती. रमाबाईंनी जे सोसले ते देवाने वाया जाऊ दिले नाही, एवढेच मी म्हणू शकतो, आणि तेवढ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

त्यांच्या चरित्रातल्या दुसऱ्या एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणी बघत नाही. तीर्थयात्रेच्या त्या भटकंतीत, घरदार नसताना, आई त्यांना पहाटे उठवून संस्कृत शिकवत असे. पाठांतर, व्याकरण, पुन्हा पाठांतर. खायची भ्रांत होती तेव्हाही हा पाठ चालला. दुष्काळ त्याच प्रदेशातल्या हजारो घरांवर आला, पण या मुलीच्या हाती रोजच्या अभ्यासाचे वळण होते. त्याच वळणावर त्या पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. 1921 साली एकुलती एक मनोरमा गेली. त्यानंतरही त्या मुद्रिते तपासत राहिल्या, थेट 5 एप्रिल 1922 ला देह ठेवेपर्यंतच्या अखेरच्या दिवसांत. मुलगी गेल्याचे दुःख त्या कामाने भरून आले असेल असे मला वाटत नाही. पण त्या दिवसांत सकाळी उठून कुठे बसायचे आणि हातात काय घ्यायचे, हे ठरलेले होते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे सरळ उत्तर हे: संकट आपण होऊन कोणालाच वाढवत नाही. तेच संकट एकाला मऊ करते आणि दुसऱ्याला कडवट. एकाच बापाच्या मरणानंतर एक भाऊ मंडळीत परत आला आणि दुसऱ्याने भावाशी बोलणेच टाकले, अशी घरे मी पाहिली आहेत. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. ही साखळी खरी आहे. पण संकट आणि धीर यांच्यामध्ये जे अंतर आहे ते माणूस एका उडीत ओलांडत नाही. ते रोजच्या लहानशा नेमांनी आणि बरोबरच्या माणसांनी ओलांडले जाते, आणि त्या दोन्हींत देवाचा आत्मा काम करतो. पौलाचे ते वाक्य "मी"चे नाही, "आपण"चे आहे, हेही ध्यानात घ्या. संकट आपल्याला काय दाखवते? आपण आजवर कशाच्या आधाराने उभे होतो ते. पगाराच्या, लोकांच्या चांगल्या मताच्या, की देवाच्या. ते दिसणे भयंकर असते. दिसल्यावर पाय ठेवायला जागा हवी, आणि ती जागा शिस्तीने मिळते.

आता "माझा विश्वास कमी होतोय" या तुमच्या वाक्याकडे येतो. तुम्ही निफाडच्या, तेव्हा योहानाच्या पंधराव्या अध्यायातला द्राक्षवेल तुम्हाला वेगळा समजावून सांगायला नको. फळ देणाऱ्या फाट्याला जास्त फळ यावे म्हणून पिता तो छाटतो, असे प्रभू म्हणतो. एप्रिलची खरड छाटणी झालेली बाग तुम्ही दरवर्षी बघता. सगळी काडी उतरवून ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, डोळे तेवढे राखलेले, वर तापलेले ऊन. नवख्याला वाटेल बाग मेली. नवी फूट निघते, आणि छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्या कोवळ्या काडीवरच्या डोळ्यांमध्ये सूक्ष्म घड तयार होतो. बाहेरून पाहणाऱ्याला त्यातले काही दिसत नाही. घड दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, आणि माल निघतो फेब्रुवारी-मार्चात. मे महिन्यात वेलीपुढे उभे राहून "घड कुठे आहे?" असे कोणता बागायतदार विचारतो? तुम्ही मात्र स्वतःला रोज रात्री तेच विचारत आहात.

आणखी एक. घड तयार होण्याच्या त्याच काळात बागेचे पाणी कमी करतात, ताण देतात. पण वेल वाळेल इतका ताण जाणता माणूस देत नाही. तो रोज सकाळी शेंड्याकडे बघतो, माती मुठीत घेऊन बघतो. प्रभूने पित्याला बागायतदार म्हटले आहे ते यासाठी, असे मी समजतो. ताण किती द्यायचा हे बागेच्या धन्याने ठरवायचे. शेजाऱ्याने कात्री घेऊन बांध ओलांडायचा नाही, आणि वेलीने स्वतःवर ताण वाढवून घ्यायचा नाही. पहाटे चारचा नेम म्हणजे तुम्ही आपल्या हाताने वाढवून घेतलेला ताण होता.

हे जरा उलगडून सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. तुम्ही रात्रीही उठत असणार. अशी बाई पहाटे चारला ताजी उठून तीन अध्याय वाचू शकत नाही, आणि देव तिच्याकडे ते मागतही नाही. एलीया रतामाच्या झुडपाखाली पडला आणि "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवले, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खायला घातले. देवाशी बोलणे झाले ते त्यानंतर, होरेब डोंगरावर, पुष्कळ चालून गेल्यावर. तेव्हा तुमची पहिली आत्मिक शिस्त झोप ही आहे. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री यजमानांनी कूस बदलण्याचे काम घ्यावे आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपावे. हे त्यांनाही वाचायला द्या. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा असे बजावले, ते ज्यांना सांगितले ते पुरुष होते. घरातल्या आजाऱ्याची सेवा सुनेच्या एकटीच्या वाट्याला टाकून घरच्या बाकीच्यांची आत्मिक वाढ होणार नाही. दहावीचा मुलगाही संध्याकाळी अर्धा तास आजीजवळ बसून तिला भरवू शकतो. त्याचा अभ्यास त्याने बुडणार नाही.

मग प्रार्थना आणि वाचन? ते लहान करा, पण सोडू नका. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो एका दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी साठवला त्यांच्याकडे त्याला किडे पडले. संकटाच्या काळातले शिस्तीचे माप हेच असावे, आजच्यापुरते. माझ्या पाहण्यात जे लोक लांबच्या आजारपणातून विश्वास न गमावता बाहेर आले, त्यांचे नेम फार छोटे आणि फार ठरलेले होते. एक मावशी नवऱ्याला सकाळी चहा भरवण्यापूर्वी प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणत, एवढाच त्यांचा नेम. नवऱ्याची वाचा गेलेली. काही महिन्यांनी "आमची रोजची भाकर" या ओळीला त्यांचे ओठ हलू लागले. त्यांची तब्येत सुधारली नाही, ते त्याच वर्षी गेले. पण अखेरच्या दिवसांत त्या घरात गेले की प्रार्थना कोणी सुरू करायची असा प्रश्न पडत नसे. ती आधीच चालू असे.

तुमच्याकडे दर दोन तासांचे काम आहेच. त्यालाच नेम जोडा. सासूबाईंना कुशीवर वळवताना तेविसाव्या स्तोत्राची एकच ओळ म्हणा, पुढच्या वेळी पुढची ओळ. त्यांनाही ती ऐकू जाईल, आणि लहानपणी शिकलेली वचने आणि भजने अशा आजारात पुष्कळदा बोलण्याच्या आधी परत येतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एखादे भजन त्यांना पाठ असेल तर तेच गुणगुणा. वेगळी वेळ हवीच असेल तर दिवसातून एकदा, एकाच जागी, दहा मिनिटे. पुस्तक उघडून डोळा लागला तर लागू द्या. आईच्या मांडीवर झोपलेल्या मुलाने तिचा अपमान केला असे कोणी म्हणत नाही.

राग येतो म्हणता, तर तो प्रार्थनेतच आणा. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे ढीगभर आहेत. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाचे एकही वाक्य नाही, आणि तरी मंडळीने ते शास्त्रात ठेवले आहे. गेथशेमानेत खुद्द प्रभूने "हा प्याला माझ्यापुढून जावो" असे मागितले. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली. तेव्हा संकट टळावे म्हणून प्रार्थना करणे हे कमी विश्वासाचे लक्षण आहे, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. नोकरीसाठी मागा, सासूबाईंच्या हातात ताकद यावी म्हणून मागा.

उपवास मात्र सध्या करू नका. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, जवळ आला की मंडळीत उत्साह असतो, पण रात्रपाळी करणाऱ्या, उभ्याने जेवणाऱ्या बाईने उपवास धरून चक्कर येऊन पडावे यात देवाचे गौरव नाही. आणि "विश्वासाने अमुक रक्कम दान द्या, संकट जाईल" असे सांगणारा कोणी आला तर त्याला एक रुपयाही देऊ नका. घरात औषधाला पैसे लागत आहेत, आणि देवाची कृपा विकत मिळत नाही.

इथवरचे थोडक्यात सांगतो, कारण बरेच लिहून झाले. हे संकट कशासाठी आले हे तुम्हाला किंवा मला कळायला हवेच असे नाही. त्यातून वाढ होते ती छोट्या, ठरलेल्या नेमांनी आणि सोबतीने. ती चालू असताना दिसत नाही. आणि थकलेल्या माणसाचा पहिला नेम झोप आणि जेवण हा आहे.

वाढ मग दिसते कुठे? बहुतेक वेळा ती आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला दिसते. एका मंडळीत असताना एका गृहस्थाचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ ते दर रविवारी येत, शेवटच्या बाकावर बसत, गीत सुरू झाले की तोंड मिटलेले. प्रभुभोजनाला पुढे येत नसत. मी त्यांना कधी काही विचारले नाही, दाराशी हात हातात घ्यायचो, एवढेच. येणे मात्र त्यांनी सोडले नाही. आज त्या गावात कोणाच्या घरी मयत झाली की ते सर्वांच्या आधी पोहोचतात. पाण्याचे जार आणि खुर्च्यांची व्यवस्था बघतात. मग घोळक्यात ज्याच्याशी कोणी बोलत नाही अशा माणसाजवळ जाऊन बसतात, बहुधा मागच्या खोलीत एकट्या बसलेल्या धाकट्या भावाजवळ. "देवाची इच्छा" हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पौल लिहितो की ज्या सांत्वनाने देव आमचे सांत्वन करतो, त्यानेच आम्हाला इतरांचे सांत्वन करता यावे. हे गृहस्थ म्हणजे त्या वचनाचा अर्थ. पण त्या वर्षभरात त्यांना कोणी विचारले असते, तुमचा विश्वास वाढतोय का, तर तुम्ही जे लिहिले तेच त्यांनी सांगितले असते.

एक गोष्ट काळजीने विचारतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज मन उदास राहत असेल, झोपायला मिळूनही झोप येत नसेल, भूक मेली असेल, कशातच जीव लागत नसेल, तर तो विश्वासाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना दाखवा. नैराश्य हा आजार आहे, त्यावर औषध आहे, आणि ते घेणे म्हणजे देवावर अविश्वास नव्हे. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी देताना आपण असा विचार करतो का? मरणाचे विचार मनात येत असतील तर आजच 14416 या टेलिमानस क्रमांकावर बोला. तो सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते. तुमच्या पाळकांनाही सांगा. मी पाळक आहे म्हणून सांगतो, आम्हाला हे उशिरा कळले की फार वाईट वाटते.

आणि "देव तुम्हाला घडवतोय" म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे? त्यांच्याशी वाद घालू नका, त्यातल्या बहुतेकांना तुमच्याबद्दल माया आहे, बोलायचे काय हे सुचत नाही म्हणून ते ऐकलेले वाक्य बोलतात. त्यांना काम द्या. "शनिवारी दुपारी दोन तास आमच्या सासूबाईंजवळ बसाल का? मला झोपायचे आहे." असे सरळ विचारा, एकेकीला बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नको. काही जणी टाळतील. एखादी येईल, आणि जी येईल तीच तुमची सोबतीण. तिच्याशी आठवड्यातून एकदा खरे बोला, जसे मला लिहिले तसे. यजमानांनाही असा एक माणूस हवा. नोकरी गेलेला पुरुष मंडळीत यायला लाजतो, मागच्या मागे निघून जातो. तुमच्या पाळकांना सांगा की त्यांना एकटे गाठून चहाला न्या.

वाचन सुरू करायचे असेल तर तेराव्या स्तोत्रापासून करा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? शेवटच्या दोनांत तो गायला लागतो. तिथवर तुमच्या तोंडून शब्द आले नाहीत तर पहिल्या चारांवर थांबा आणि पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच.